‘नाही’ कोण म्हणालं?

2022 च्या जुलैमध्ये पुण्यात, कोथरूडमधल्या एका छोट्या डिझाइन स्टुडिओत मी ग्राफिक डिझायनरच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेले होते. माझ्या पोर्टफोलिओची, म्हणजे निवडक कामांच्या फाइलची, 42 पानं समोरच्या मॅडमनी 6 मिनिटांत पाहिली. त्यांना घाई नव्हती, पण थांबावं असंही काही त्यांना सापडलं नसावं. शेवटचं पान झालं तसा त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, “काम स्वच्छ आहे गं. पण मला एक सांग, ह्यात तुला ‘नाही’ कोण म्हणालं?”

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी समजावून सांगितलं. ह्यातलं एखादं काम कुणाला तरी नको होतं का? कुणी परत पाठवलं का? कुणी म्हणालं का, की हे छापता येणार नाही, हे परवडणार नाही, हे माझ्या गिऱ्हाइकाला कळणार नाही? मी काहीतरी पुटपुटले, चहा प्यायले, आणि त्यांनी दिलेली छत्री उघडून बाहेर पडले. नोकरी मिळाली नाही. छत्री परत द्यायला गेले तेव्हा त्या भेटल्याही नाहीत. प्रश्न मात्र माझ्याकडेच राहिला.

त्या 42 पानांत 11 प्रोजेक्ट होते. एक कॉफीचा ब्रँड, एक सेंद्रिय साबणाचा, एक डोंगरांत ट्रेक नेणाऱ्या कंपनीचा. सगळी नावं इंग्रजी, सगळे ब्रँड मी कल्पिलेले. व्हिजिटिंग कार्डावर खिडकीतून पडलेली झाडाच्या पानाची सावली, साबणाच्या डबीखाली राखाडी दगड. ते मॉकअप, म्हणजे वस्तू खरीच असल्यासारखी दाखवणारी चित्रं, मी आठ-आठ तास बसून नीट केले होते. त्या कामाबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. ग्रिड म्हणजे काय, मोकळी जागा कशी राखायची, दोन रंगांत तिसरा कधी घ्यायचा नाही, हे सगळं मी त्या खोट्या कॉफीवरच शिकले. ज्यांच्याकडे अजून गिऱ्हाईक नाही त्यांनी असा सराव करावाच. फक्त त्या सरावाला मी माझी ओळख समजत होते. पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावर माझ्या नावाच्या आद्याक्षरांचं चिन्ह होतं आणि त्या एका चिन्हावर मी सहा आठवडे घालवले होते. आपण कोण आहोत हे आधी ठरवायचं आणि मग कामाला लागायचं, असा माझा तेव्हा समज होता.

स्वारगेटहून सांगलीला जाणारी एसटी साताऱ्याच्या अलीकडे जेवणाला थांबली, तेव्हा मला एकदम आत्या आठवली. मला ‘नाही’ म्हणणारी ती पहिली. आणि तिच्यासाठी केलेलं काम मी पोर्टफोलिओत घातलंच नव्हतं.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात आत्येबहिणीचं लग्न झालं होतं. घरात कुणी ग्राफिक डिझायनर असलं की पहिली मागणी लग्नपत्रिकेची येते. मी अगदी साधी पत्रिका केली. फिकट हळदीचा रंग, मधोमध दोन नावं, खाली तारीख, मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता. आत्यानं ती हातात घेतली, उलटून मागची बाजू बघितली, आणि विचारलं, “बाकीची माणसं कुठायत?”

बाकीची माणसं म्हणजे निमंत्रक, प्रेषक, स्नेहांकित, समस्त परिवार आणि सगळ्यात शेवटी ‘किलबिल’, म्हणजे घरातली शेंबडी-शाळकरी पोरं. आमच्याकडच्या पत्रिकांत हे सगळं असतंच. आत्यानं वहीच्या पानावर यादी करून दिली. 63 नावं. मी म्हटलं, आत्या, एवढं घातलं तर वधू-वरांची नावं दिसायचीच नाहीत. ती म्हणाली, “बारीक कर, पण गाळू नको. ज्याचं नाव गळतं तो लग्नात जेवतो, पण बोलत नाही.”

मग आम्ही स्वयंपाकघरात खाली बसून त्या यादीवर दोन संध्याकाळी घालवल्या. मी नावं लहान-मोठी करून दाखवायची आणि ती नापसंत करायची. मोठ्या काकांचं नाव मी जाड केलं तर म्हणाली, “जाड नको, वर पाहिजे.” वारलेल्या आजोबांच्या नावाआधी ‘कै.’ लागतं. ते नाव सगळ्यांच्या आधी येतं, पण जिवंत माणसांच्या ओळीत बसत नाही. दोन काकांचं बोलणं बंद होतं. त्यांची नावं शेजारी नको होती आणि वर-खालीही नको होती. ती दोन वेगळ्या रकान्यांत, एकाच उंचीवर बसवली. हळूहळू माझ्या लक्षात आलं की मान आकारात नसतो, क्रमात असतो. कॉलेजात ‘हायरार्की’ शिकवताना आम्हाला सांगितलं होतं की महत्त्वाचं ते मोठं करा. आत्याच्या यादीत महत्त्वाचं सगळंच होतं, त्यामुळे मोठं करून काही साधणार नव्हतं. जागा, क्रम आणि मधलं अंतर, एवढ्यावरच सगळं सांगायचं होतं.

शेवटी ‘मुक्ता’ हा फॉन्ट घेतला. मुंबईच्या ‘एक टाइप’ ह्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेनं तो केलाय आणि तो कुणालाही मोफत वापरता येतो. त्याची 7 वजनं, म्हणजे जाडीचे प्रकार, आहेत, मी त्यातली दोनच वापरली. घडीच्या आतल्या पानावर 63 नावं तीन रकान्यांत लावली. बाहेरचं पान मात्र मला हवं होतं तसंच मोकळं राहिलं, त्यावर आत्या काही म्हणाली नाही. फाइल प्रेसमध्ये नेली तर तिथल्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या अक्षरांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्या. प्रेसवाले दादा न बघताच म्हणाले, “कर्व्ह करून आणा.” म्हणजे अक्षरांचं चित्र करून आणा, मग ती हलणार नाहीत. हे मला चार वर्षांच्या शिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं, कारण आमची सगळी असाइनमेंट इंग्रजीत असायची आणि घरच्या प्रिंटरवर छापली जायची.

अशी ती पत्रिका. 500 छापल्या, 500 वाटल्या. पोर्टफोलिओ करताना मी तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला ठेवली. किलबिल असलेली पत्रिका पुण्याच्या स्टुडिओत दाखवायची मला लाज वाटली. साताऱ्याजवळच्या त्या थांब्यावर मात्र वाटलं, त्या 42 पानांत जे कुठेच नव्हतं ते ह्या एका घडीच्या कागदात होतं. दुसऱ्या माणसाची गरज, तिचा हट्ट, आणि त्या हट्टात दडलेलं शहाणपण.

घरी परतल्यावर मी कामाची वाट पाहत बसले नाही, काम मागायला निघाले. बाबांचे एक मित्र सांगलीच्या मार्केट यार्डात बेदाण्याचा व्यापार करतात. सांगली, तासगाव, मिरज हा सगळा पट्टाच द्राक्षांचा आणि बेदाण्याचा. आमच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही आहे. काकांची पेटी वर्षानुवर्षं तीच होती, कुणीतरी कधीतरी केलेली. मी म्हटलं, मी नवी करून देते, पैसे तुम्हाला योग्य वाटतील ते द्या. काका म्हणाले, “कर की. पण पेटी बेदाणा भरायला असते, हे ध्यानात ठेव.”

पहिल्या खेपेला मी पाच नमुने नेले. हिरव्याकडून सोनेरीकडे वितळत जाणारा द्राक्षांचा घड, बारीक रेघांची वेल, आतून उजेड फुटल्यासारखी अक्षरं. काकांनी सगळे नमुने शांतपणे पाहिले आणि विचारलं, “रंग किती?” मी मोजले नव्हते. ते म्हणाले, “दोन. तिसरा रंग म्हणजे पेटीमागं खर्च, आणि पेट्या हजारांत लागतात.” मग त्यांनी मला कुपवाडच्या एमआयडीसीत, जिथे खोकी बनतात तिथे पाठवलं.

त्या कारखान्यात काढलेला दिवस मी विसरणार नाही. पन्हाळी पुठ्ठ्यावर, म्हणजे आत नागमोडी थर असलेल्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर, छपाई होते ती रबरी ठशांनी. त्या ठशांना तिथे स्टिरिओ म्हणतात. पुठ्ठा तपकिरी असतो आणि शाई पितो. पांढरा रंग म्हणून काही नसतोच, पुठ्ठ्याचा तपकिरी हाच तुमचा पांढरा. पिवळा छापला तर मळकट दिसतो. पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हाळीमुळे दाब सगळीकडे सारखा पडत नाही, त्यामुळे भरीव रंगात उभ्या पट्ट्या उमटतात. दोन रंग एकमेकांना अगदी चिकटवून ठेवले तर धावत्या मशीनवर ते सरकतात आणि मधे फट पडते, किंवा एक दुसऱ्यावर चढतो. आणि बारीक रेघ तर मरतेच. तिथले फोरमन काका माझी वेल बघून म्हणाले, “बाळ, ही रेघ तुला दिसते, मशीनला दिसत नाही.”

घरी येऊन सगळं नव्यानं काढलं. एक गडद हिरवा, एक मातकट लाल. चित्र जवळजवळ नाहीच, फक्त एक मोठा शब्द: बेदाणा. तो हातानं काढला, कारण फॉन्टातला जाड करून वापरला तर पोकळ जागा बुजत होत्या. कागदावरचं प्रूफ सुरेख आलं. आठ दिवसांनी पुठ्ठ्यावरचा नमुना आला. काकांनी पेटी यार्डातल्या पेढीच्या दारात ठेवली, दहा पावलं मागे गेले आणि म्हणाले, “हे तर ‘वेदना’ वाचतंय.”

खरंच तसं वाचत होतं. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ शाईच्या पसरण्यात विरघळून गेली होती. ‘ण’च्या दोन दांड्यांमधली फट बुजली होती. लांबून दिसत होता तो एक काळपट ठिपका आणि त्याच्या पुढे काहीतरी.

त्या ‘ब’वर मी तीन आठवडे घालवले. आधी माझ्या आद्याक्षरांवर सहा घालवले होते, त्याची आठवण मला तेव्हा झाली. दोन्हींत फरक असा होता की ह्या वेळी बरोबर-चूक ठरवायला माझ्यापलीकडे कुणीतरी होतं. ‘ब’चं पोट रुंद केलं. आतली रेघ जाड केली, पण जाड केली की दोन्ही बाजूंच्या पोकळ्या आक्रसायच्या, म्हणून पोट आणखी रुंद केलं. मग ‘ब’ शेजारच्या ‘द’पेक्षा फारच लठ्ठ दिसायला लागला, म्हणून ‘द’ची शेपटीही लांबवली. एक अक्षर बदललं की सगळा शब्द बदलतो, हे तेव्हा हातांना कळलं. शिरोरेषा जरा बारीक केली, म्हणजे शाई खालच्या पोकळ्यांवर चढणार नाही. जुन्या काळी शिशाच्या खिळ्यांसाठी, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांसाठी, मूळ ठसे (पंच) कोरणाऱ्यांनाही लहान टाइपात हेच करावं लागे, पोकळ्या उघड्या राहतील असं बघावं लागे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या टाइपांचं इतकं नाव का होतं, ते वाचून माहीत होतं, पण समजलं ते कुपवाडच्या पुठ्ठ्यावर. तिसऱ्या नमुन्याला काका दहाऐवजी वीस पावलं मागे गेले आणि नुसतं “हं” म्हणाले.

पण काम तिथे संपलं नाही. पेढीवरचे दिवाणजी सत्तरीच्या पुढचे. ते इतके दिवस गप्प होते. ते खाली वाकले, पेटीच्या कडेची बारीक ओळ वाचली आणि म्हणाले, “सांगलीतला ल आपला न्हाई हा.”

मी खाली ‘सांगली’ हा शब्द फॉन्टातूनच घेतला होता. त्यातला ‘ल’ हिंदी वळणाचा, उजवीकडे उभा दांडा असलेला होता. मराठीत आपण लिहितो तो पाकळीयुक्त ल, दोन पाकळ्यांचा. राज्य शासनानं 2009 मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला त्यात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श धरला आहे. दिवाणजींना त्या निर्णयाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी साठ वर्षं खतावणीत ‘सांगली’ लिहिलं होतं आणि त्यांच्या डोळ्याला तो परका वाटला, एवढंच. गंमत अशी की मराठी ‘ल’ त्याच फॉन्टात आत होता. बऱ्याच चांगल्या देवनागरी फॉन्टांत तो असतो. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की तो वर येतो. मी कधी भाषा निवडलीच नव्हती. मी मराठीत डिझाइन करत होते आणि माझ्या कॉम्प्युटरला ते सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून कुठलीही मराठी फाइल उघडली की माझा डोळा आधी ‘ल’ आणि ‘श’वर जातो. दुकानांच्या पाट्या, बँकेची पत्रकं, लसीकरणाची पोस्टर, सगळीकडे. ह्याला कुणी खूळ म्हणेल. मला वाटतं, माझी व्यवसायातली ओळख म्हणून जे काही आहे ते तिथे सुरू झालं. मी ते ठरवलं नव्हतं. दिवाणजींनी ‘न्हाई’ म्हटल्यावर मला त्याचा विसर पडेना, इतकंच.

2023 च्या फेब्रुवारीत नवा बेदाणा यायला लागला आणि पेट्या यार्डात आल्या. मी फोनवर फोटो काढले. सौद्याच्या वेळी थप्पीला लावलेल्या पेट्या, त्यांवर बसलेला हमाल, एका पेटीचा फाटलेला कोपरा. सावली पाडणारं झाडाचं पान कुठे नव्हतं. ते फोटो घेऊन मी पोर्टफोलिओ पुन्हा करायला बसले.

11 चे 4 प्रोजेक्ट उरले. लग्नपत्रिका, बेदाण्याची पेटी, गावच्या वाचनालयासाठी केलेली सभासद कार्डं, आणि सरावातलं एकच, तो साबण, कारण त्यात रंगांचं काम खरोखर बरं होतं. त्याच्यावर ‘सराव’ असं स्पष्ट लिहिलं. हे लिहायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. कल्पित ब्रँड खऱ्यासारखा दाखवणं हे समोरच्याला फसवणं आहे आणि पाहणाऱ्याला ते दुसऱ्या पानावर कळतंच. पेटीच्या प्रोजेक्टला 9 पानं दिली. पहिल्या पानावर तयार पेटी, दुसऱ्यावर ‘वेदना’ वाचला गेलेला नमुना. तो फसलेला नमुना दाखवावा की नाही ह्यावर मी दोन दिवस घालवले. मग तोच सगळ्यात मोठा छापला. शेजारी तीन ‘ब’ एका ओळीत. शेवटी चार ओळी: शब्द मी काढला, रंगांची मर्यादा व्यापाऱ्याची, रेघेची जाडी कारखान्याच्या फोरमननी सुचवलेली, ‘ल’ दिवाणजींचा. पत्रिकेच्या पानावर फॉन्ट कुणाचा ते लिहिलं. दुसऱ्यानं केलेली अक्षरं आपण वापरतो तर त्याचं नाव लिहायला एक ओळ लागते.

तांत्रिक बाबी फार नव्हत्या. पीडीएफ ईमेलनं जाईल एवढीच ठेवली, 10 एमबीच्या आत, कारण लिंक उघडायचा कंटाळा करणारे खूप असतात. फोनवर वाचता येईल एवढी अक्षरं. स्वतःचं चिन्ह काढून टाकलं. पहिल्या पानावर नाव, गाव आणि फोन नंबर, साध्या अक्षरांत, मराठीत आणि इंग्रजीत.

ह्या काळात दोन ठिकाणी मी नोकरीआधी मागतात त्या चाचण्या, म्हणजे टेस्ट, फुकट करून दिल्या. एका ठिकाणी मुलाखतच झाली नाही, पण माझ्या टेस्टमधली मांडणी महिन्याभरानं त्यांच्या पोस्टमध्ये दिसली. त्यानंतर मी तासाभराची, काल्पनिक विषयावरची टेस्ट देते, त्यांच्या चालू कामाची देत नाही. नव्या मुलामुलींना मी हे आवर्जून सांगते. असं सांगितल्यामुळे एखादी जागा हातची जाते, हे खरं आहे. मला ती गेलेली चालते.

तिसऱ्या मुलाखतीत समोरच्या दोघांनी पाऊण तासातली वीस मिनिटं ‘ब’बद्दल विचारलं. पोट किती टक्के वाढवलं, रेघ आधी की पोकळी आधी, पुढच्या वेळी काय वेगळं करशील. मला उत्तरं येत होती, कारण ती पाठ केलेली नव्हती. नोकरी लागली.

नोकरीतल्या पहिल्या वर्षातच पाट्यांचं काम आलं. दुकाने आणि आस्थापनांच्या कायद्यात 2022 मध्ये सुधारणा झाली आणि कामगार कितीही असोत, पाटीवर मराठी देवनागरीत नाव हवं, ते आधी हवं आणि दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नको, असं ठरलं. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि ज्यांनी तोवर चालढकल केली होती ते सगळे एकदम धावत आले. आमच्याकडे बारा-तेरा पाट्या आल्या. सगळ्यांची मागणी एकच: आमचा इंग्रजी लोगो असा आहे, ह्याच्यासारखं मराठी करा.

‘ह्याच्यासारखं’ ह्या शब्दात किती काम असतं ते करणाऱ्यालाच कळतं. इंग्रजी कॅपिटल अक्षरं दोन रेषांमध्ये मावतात. देवनागरीला वर रफार आणि मात्रा, खाली उकार लागतात, म्हणून तेवढ्याच उंचीच्या पट्टीत मराठी शब्द लहान दिसतो. काही जणांनी तो पट्टीत मावावा म्हणून मात्रा चेपून बसवायला सांगितल्या. मी नाही म्हटलं. नोकरीतलं ते माझं पहिलं ‘नाही’. स्टुडिओतले सर माझ्या बाजूनं उभे राहिले, हे भाग्य सगळ्यांना मिळत नाही. आम्ही पट्टी वाढवून घेतली.

एका मिठाईवाल्याच्या पाटीत अनुस्वार होता. ती उजेडाची उठावदार अक्षरं होती, आत एलईडी असलेली. फॅब्रिकेटर, म्हणजे पाटी घडवणारा, ड्रॉइंग बघून म्हणाला, “मॅडम, हे टिंब कशावर बसवू?” शिरोरेषेनं जोडलेला शब्द एकसंध उभा राहतो, पण अनुस्वार हवेत असतो. त्याला वेगळा आधार आणि वेगळी वायर लागते. पहिल्या पावसात तेच आधी पडतं. त्यानं सुचवलं, टिंब शिरोरेषेला चिकटवून टाकू. चिकटवलं असतं तर ते टिंब राहिलं नसतं, शिरोरेषेला आलेला फोड दिसला असता. मग आम्ही दोघांनी मिळून मागच्या पत्र्यातून एक आखूड नळी काढली. समोरून ती दिसत नाही. त्या नळीचा फोटो आज माझ्या पोर्टफोलिओत आहे आणि त्याखाली ‘कल्पना: फॅब्रिकेटर’ असं लिहिलंय.

तो फोटो लावण्याआधी मी सरांना विचारून लेखी परवानगी घेतली होती. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत केलेल्या कामाच्या कॉपीराइटचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाराच असतो. पण ते काम मी केलंय असं सांगण्याचा कर्त्याचा हक्क त्याच कायद्याच्या कलम 57 मध्ये वेगळा राखलेला आहे. ह्या दोन गोष्टी नव्या डिझायनरनं पहिल्याच नोकरीत, पहिल्याच आठवड्यात बोलून घ्याव्यात. सोडताना विचारणं अवघड जातं.

आता कधी कधी माझ्याकडे नव्या मुलांचे पोर्टफोलिओ येतात. फार देखणे असतात. आता एका वाक्यावर मशीन पाच लोगो आणि दहा मॉकअप करून देतं, त्यामुळे देखणेपणावरून माणूस ओळखता येत नाही. मी पान उलटत राहते आणि शोधत राहते, कुठे कुणी अडवलंय का. अलीकडे एका मुलीनं इंटर्नशिपसाठी पाठवलेल्या फाइलमध्ये तिच्या आईच्या बचत गटाच्या पापडाचं लेबल होतं, अगदी शेवटी, लहान आकारात, लपवल्यासारखं. मी फोन करून विचारलं तर म्हणाली, ते घरचंच काम आहे हो, काढून टाकू का? लेबल चौकोनी का, विचारलं. म्हणाली, “मी गोल केलं होतं. पण गटातल्या बायका कात्रीनं कापतात. गोल कापायला वेळ लागतो, म्हणाल्या.” मी तिला म्हटलं, हे पहिल्या पानावर घे आणि त्या कात्रीचाही फोटो काढ.

अक्षररचनाकार कमल शेडगे ह्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं मी जुन्या वर्तमानपत्रांच्या कात्रणांत बघते तेव्हा मनात हेच येतं. वर्तमानपत्राची ती शाई, तो कागद, आणि शेजारी दुसऱ्या नाटकांची गर्दी. तेवढ्या जागेत नाटकाचा स्वभाव अक्षरात उतरवायचा. त्यांची शैली म्हणून आपण जे ओळखतो त्यात त्या कागदाचाही वाटा असणार, असं मला वाटतं.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. स्टिरिओ झिजलाय, नवा करायचाय. ह्या वेळी पेटीवर क्यूआर कोड पाहिजे, बाहेरचे व्यापारी मागतात. मी म्हटलं, काका, पन्हाळी पुठ्ठ्यावर ते बारीक चौकोन बुजतील, फोन वाचणार नाही. ते म्हणाले, “मग मोठा कर.” मोठा केला की ‘बेदाणा’ला जागा उरत नाही. कोपऱ्यात, बाजूच्या पाखावर, वरच्या झाकणावर, असं तीन जागी बसवून पाहिलं. झाकणावर थप्पीत दिसणार नाही, पाखावर दाब कमी पडतो. दिवाणजी आता पेढीवर रोज येत नाहीत, पण काका म्हणाले नमुना आला की त्यांच्या घरी नेऊन दाखवू. शनिवारी रात्रीच्या गाडीनं सांगलीला निघतेय. कुपवाडला सोमवारी सकाळी मशीन रिकामं आहे. फोरमन काकांनी सांगितलंय, चार वेगवेगळ्या मापांचे कोड काढून आण, छापून बघू, कुठला जगतो ते.